छताखालची आडवी भेग: काळी माती की ऊन?

गोदाकाठ
मराठवाड्यात वरच्या मजल्यावर एक भेग ठरलेली असते. स्लॅबच्या लगेच खाली, फार तर विटेच्या एका थराखाली, भिंतभर आडवी. कोपऱ्याकडे गेली की तिरकी होते. पुट्टी भरून रंग मारला की दिवाळी निघते, पण गुढीपाडव्याच्या सुमारास ती पुन्हा उघडते. कोणालाही विचारा, उत्तर एकच: "काळी माती हाय, पाया हलायलाय." मला हे पटत नाही. पाया हलला तर तळमजला शाबूत आणि वरचा मजला फाटलेला, असं कसं होईल? माझा संशय उन्हावर आहे. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं: उन्हानं स्लॅब नेमका किती वाढतो? तेवढ्या वाढीनं भिंत फाटते का? आणि फाटत असेल तर उपाय काय?

काळी_आई
मातीला इतक्या लवकर सोडू नका ताई. परभणी, नांदेड, हिंगोलीकडची भारी काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी उकलते आणि पावसाळ्यात फुगून पाया उचलते. घरांच्या कितीतरी भेगा तिच्याच.

स्थापत्य_परभणी
दोघांचंही खरं आहे, पण त्या दोन वेगळ्या भेगा आहेत. गोदाकाठ यांनी वर्णन केलेली भेग उन्हाचीच. हिशोब करू.

काँक्रीट दर मीटरला दर अंशाला साधारण १० मायक्रॉन वाढतं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या काळ्या दगडाच्या खडीचं काँक्रीट त्याहून किंचित कमीच वाढतं. भाजकी वीट ६ मायक्रॉनच्या आसपास. मे महिन्यात हवा ४३ अंशांवर असली तरी उघड्या गच्चीचा पृष्ठभाग ६० च्या पुढे जातो आणि पहाटे तोच ३० च्या खाली येतो. पाच इंची स्लॅबची जाडी धरून सरासरी काढली तर एका दिवसात २० अंशांचा फरक सहज पडतो.

१२ मीटर लांब घर घ्या. १२ गुणिले १० गुणिले २० म्हणजे २,४०० मायक्रॉन, २.४ मिमी. खालची भिंत सावलीत असते, तिचा फरक ६ अंश धरा: १२ गुणिले ६ गुणिले ६, साधारण ०.४ मिमी. म्हणजे स्लॅब आणि भिंत यांच्यात रोज २ मिमीची ओढाताण, प्रत्येक टोकाला १ मिमी. विटांच्या जोडातला मसाला ताणात फारच दुबळा असतो, तिथे १ मिमी खूप झाला. घराच्या मध्यावर ही सरक शून्य असते आणि टोकाकडे वाढत जाते. म्हणून मधल्या खोल्या साफ आणि कोपऱ्याच्या खोल्या फाटलेल्या.

तापल्यानं वस्तू वाढते, त्यात काहीच बिघडत नाही. वाढीला कोणी अडवलं की ताण तयार होतो. मोकळा स्लॅब १०० अंश तापला तरी फुटणार नाही. भिंतीनं धरून ठेवलेला १५ अंशांतही त्रास देतो.

मे_महिना
मग भिंतच सरकते की स्लॅब?

स्थापत्य_परभणी
स्लॅब. तो आडवा एकसंध, ताकदवान, भिंत तुकड्यातुकड्यांची. दोघांच्या भांडणात दुबळा फाटतो. गच्चीचा कठडा बाहेर कललेला दिसतो, त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच. कोबा (स्लॅबवरचा सिमेंटचा थर) कठड्याला घट्ट भिडवून भरलेला असतो. तापला की तो कठड्याला बाहेर ढकलतो. थंड झाला की कोबा मागे येतो, कठडा येत नाही. फटीत माती-कचरा बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात ढकलणं नव्या जागेवरून सुरू होतं.

काळी_आई
हे मान्य. मग मातीची भेग आणि उन्हाची भेग वेगळी ओळखायची कशी? लोक चुकीच्या रोगावर औषध करायलेत.

स्थापत्य_परभणी
वेळ बघा. उन्हाची भेग एका दिवसात हलते, सकाळी ६ ला एक रुंदी आणि दुपारी ४ ला दुसरी. मातीची भेग सकाळ-संध्याकाळ तशीच राहते, पण मार्च ते जून रुंदावते आणि दोन-चार मोठे पाऊस झाले की मिटते.

जागाही वेगळी. मातीची भेग जोत्यापासून किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून पायरीसारखी वर चढते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक, आणि दरवाजाची चौकट अडकायला लागते. उन्हाची भेग वरच्या मजल्यापुरती आणि बहुतेक आडवी. दक्षिण-पश्चिमेच्या कोपऱ्यात जास्त, कारण दुपारचं ऊन तिथे.

लातूरचा_मिस्त्री
मी तर म्हणतो स्लॅबात सळई वाढवा. १० मिमीची जवळ जवळ टाका. भेग पडणारच नाही.

स्थापत्य_परभणी
मिस्त्री, हा समज फार पसरलाय, म्हणून जरा सविस्तर. सळई आणि काँक्रीट यांची जोडी जमते याचं मोठं कारण म्हणजे दोघांची वाढ जवळपास सारखी: लोखंड १२, काँक्रीट १०. ॲल्युमिनियमची सळई टाकली असती (२३) तर तिनं काँक्रीट आतून फोडलं असतं. पण वाढ सारखी, म्हणजेच सळई स्लॅबला वाढू देते. ती अडवत नाही आणि अडवूही नये.

एम२० दर्जाचं काँक्रीट दोन्ही टोकांना पक्कं धरलं आणि थंड केलं तर दर अंशाला ०.२२ मेगापास्कल ताण येतो. त्याची वाकताना ताण सोसायची ताकद जेमतेम ३.१. म्हणजे १४ अंश उतरले की तडा. तापमान सावकाश उतरलं तर काँक्रीट थोडं सैल होऊन बराच ताण गिळतं, झटक्यात उतरलं तर तेवढा वेळ त्याला मिळत नाही. सळई काय करते? एक रुंद भेग पडायची तिथे दहा केसासारख्या पाडते, ज्यातून पाणी उतरत नाही. म्हणून आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्लॅबला कमीत कमी ०.१२ टक्के सळई दोन्ही दिशांनी सांगितली आहे. पाच इंची स्लॅबला मीटर रुंदीत १५० चौ. मिमी, म्हणजे ८ मिमीची सळई फूटभर अंतरावर ठेवली तरी पुरते. पण भिंतीवरची भेग स्लॅबातल्या सळईनं थांबत नाही, ती दोघांच्या मधली आहे.

लातूरचा_मिस्त्री
पटलं. एवढ्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं.

रूळवाला
अडवणुकीचा विषय निघालाच आहे तर रेल्वेचा रूळ बघा. शाळेत शिकवतात की रुळांमध्ये वाढीसाठी फट ठेवतात. १३ मीटरच्या, फिशप्लेटनं जोडलेल्या रुळांना ते लागू. पण आता मुख्य मार्गांवर किलोमीटरच्या किलोमीटर रूळ वेल्डिंगनं अखंड केलेला असतो. तो उन्हात किती वाढतो? मधला भाग जवळजवळ शून्य. स्लीपर आणि खडी त्याला जागचं हलू देत नाहीत. फक्त दोन्ही टोकांचे शे-सव्वाशे मीटर मागेपुढे होतात, तिथे सरकता जोड दिलेला असतो.

वाढ अडवली म्हणजे ताण साठला. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. रूळ ३५ अंशांवर बसवला आणि मे महिन्यात ६५ वर गेला तर एकेका रुळात ५७ टन दाब. खडी खांद्याला कमी पडली की रूळ सापासारखा आडवा फुटतो, म्हणजे बाजूला वाकतो. हिवाळ्यात पहाटे रूळ १० अंशांवर आला तर ४७-४८ टन ओढ. तेव्हा कमकुवत वेल्डिंग तुटतं. म्हणून उन्हाळ्यात दुपारची गस्त आणि थंडीत पहाटेची. रूळ कोणत्या तापमानाला 'मोकळा' करून बांधायचा हे त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीवरून ठरतं. परभणीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा ५ च्या खाली उतरलेला आहे आणि उन्हाळ्यात ४४ च्या वर जातो, तिथे ही निवड फार जपून करावी लागते.

मे_महिना
म्हणजे अडवलं तरी चालतं, पण मग बांधून ठेवणारा तेवढा दणकट पाहिजे.

रूळवाला
बरोबर. आणि उन्हाळ्यात खडी उकरायचं काम काढायचं नाही. धरून ठेवणारी तीच आहे.

धावपट्टी
बैलगाडीच्या चाकाची धाव, म्हणजे चाकावरचा लोखंडी पट्टा, कोणी कशी विसरलं? ताण मुद्दाम तयार करून वापरण्याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

साडेचार फुटी चाकाचा घेर सुमारे ४.३ मीटर. लाकडी घेराच्या तुकड्यांमध्ये सांधे थोडे उघडे ठेवतात. धावेचा आतला घेर चाकाच्या घेरापेक्षा बोटभर, १२ ते १५ मिमी कमी घेतात. मग धाव जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचून सगळीकडून सारखी तापवायची. लोखंड ४५० अंशांनी तापलं तर ४.३ मीटरला २३ मिमी वाढ. १५ मिमी कमी घेतलेली धाव तेव्हा ८ मिमी सैल होते आणि चाकावर बसते. सांडशीनं तीन-चार जणांनी एकदम उचलायची, घणानं सारखी करायची आणि लगेच पाणी. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळून कोळशाचा थर होतो आणि तेवढीच धाव सैल पडते.

धाव थंड होताना आवळते, सांधे मिटतात, आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या ओंडक्यात) घट्ट रुततात. आवाज ऐकू येतो, सांधे करकरत बसताना. फार कमी घेर घेतला तर मात्र आरे वाकतात, चाक बशीसारखं होतं. आणि एकाच बाजूला गोवऱ्या जास्त लागल्या तर धाव अंडाकृती होते, अर्धी बसते नि अर्धी अडकते. त्यामुळे आळीपाळीनं फिरवून रंग बघतात. अंधारात नुसती लालसर दिसली की पुरे.

गोदाकाठ
वा! वाचताना तो चर्रर्र आवाज ऐकू आला. पण उन्हाळ्यात गाडीची चाकं पाण्यात ठेवतात ते का?

धावपट्टी
ते तापमानाचं नाही, ओलाव्याचं. लाकूड सुकून आकसतं आणि धाव सैल होते. पाण्यात ठेवलं की लाकूड फुगून धाव पुन्हा गच्च बसते. दोन वेगळी कारणं, परिणाम सारखा. भेगेच्या बाबतीत माती आणि ऊन यांचं तेच.

ठिबक_जालना
शेतकऱ्यांसाठी महत्त्वाचं. प्लॅस्टिकपुढे लोखंड काहीच वाढत नाही. ठिबकची काळी नळी दर मीटरला दर अंशाला २०० मायक्रॉनच्या घरात, लोखंडाच्या सोळा-सतरा पट. एप्रिलच्या दुपारी नळी ५५ अंशांवर तापलेली असताना ताणून सरळ अंथरली आणि विहिरीचं २८ अंशांचं पाणी सोडलं: ६० मीटर गुणिले २०० गुणिले २७, म्हणजे ३२ सेंटिमीटर आखडली. फूटभराहून जास्त. टोकाची खुंटी पक्की असेल तर ताण येतो सबमेनच्या, म्हणजे नळ्यांना पाणी देणाऱ्या मोठ्या पाइपच्या, जोडावर. तो सहा-सात किलोंचाच असतो, पण ग्रोमेट (जोडातलं रबरी कडं) तिरपा व्हायला आणि टेकऑफ (त्यात बसणारी जोडनळी) निसटायला तेवढा पुरतो. मग "कंपनीचा ग्रोमेट खराब" म्हणून ओरड होते.

नळी सकाळी थंड वेळी अंथरा. दुपारीच अंथरायची असेल तर थोडी नागमोडी टाका, ६० मीटरला दोन फूट जास्त धरा. पाणी सोडून तासभर चालवा आणि मगच शेवटची खुंटी ठोका. सरळ रेषेचा हट्ट नको, दुपारी नळी वाकडी दिसणारच. ड्रिपर रोपापासून सरकला असं वाटलं तर सकाळी बघा, जागेवर आलेला असतो.

काळी_आई
आणि पीव्हीसी पाइपलाइन?

ठिबक_जालना
पीव्हीसी ७० मायक्रॉनच्या आसपास. ३०० मीटर लाइन भर उन्हात जोडली आणि पाणी २० अंशांनी थंड आलं तर ४२ सेंमी आखडू बघते. पाइप सहसा तुटत नाही, ताजा जोड निघतो किंवा एल्बो फुटतो. चारीत पाइप किंचित सापासारखा टाका. पहाटे माती ओढा, पण जोड उघडे ठेवा. सोल्युशन पूर्ण वाळायला २४ तास द्या, मग दाब देऊन तपासा आणि त्यानंतर जोड बुजवा. दोन-अडीच फूट मातीखाली गेल्यावर तापमान फारसं हलत नाही, त्रास संपतो. उघड्यावरची पीव्हीसी मात्र ऊन खाऊन ठिसूळही होते.

उसाची_मोळी
साखर कारखान्याच्या वाफेच्या नळीत जागोजाग चौकोनी वळसा दिलेला असतो, तो याचसाठी. ५० मीटर नळी ३० अंशांवरून २०० वर गेली की १० सेंमी वाढते. वळसा वाकून ती वाढ खातो. मधले आधार नळीला लांबीच्या दिशेनं सरकू देणारे असतात, फक्त ठरावीक ठिकाणी पक्की बांधणी. कोणी सोय म्हणून मधल्या आधाराला वेल्डिंगचा टाका मारला की सगळं गणित बिघडतं आणि फ्लँज गळायला लागते. हंगामाच्या सुरुवातीला वाफ हळूहळू सोडायची, साचलेलं पाणी ड्रेनमधून काढत. घाई केली तर नळीची वरची बाजू तापलेली, खाली गार पाणी, आणि नळी धनुष्यासारखी वाकते.

तारतंत्री
विजेच्या तारांचं गणित लोकांना सर्वात कमी माहीत असतं. ६० मीटरचा गाळा, हिवाळ्यात झोळ ६० सेंमी. ३० अंश तापमान वाढलं तर तारेची लांबी वाढते फक्त ३४ मिमी, चार बोटंही नाही. पण झोळ होतो जवळपास १ मीटर ५ सेंमी! तारेतला ताण सुटतो तो धरला तर थोडा कमी. लांबीतली किरकोळ वाढ झोळात कितीतरी पट दिसते. तारा एकमेकींकडे झुलतात, वाऱ्यानं भिडतात, ठिणगी खालच्या वाळल्या उसात. म्हणून उन्हाळ्याआधी झोळ तपासायचा. पण उन्हाळ्यात गच्च ओढून ठेवायच्या नाहीत, नाहीतर डिसेंबरच्या पहाटे त्याच तारा खांब वाकवतात. ओढताना त्या दिवसाचं तापमान बघून झोळ ठेवावा लागतो.

मे_महिना
मोटारीचा स्टार्टर दुपारी उगाच ट्रिप होतो, त्याचा संबंध याच्याशीच ना?

तारतंत्री
हो. ओव्हरलोड रिलेत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते. एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून तापली की पट्टी वाकते आणि संपर्क तोडते. कमी वाढणारा धातू बहुधा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू. त्या कुळातलं 'इन्व्हार' शार्ल गियोम यांनी १८९६ मध्ये शोधलं आणि १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ते दर मीटरला दर अंशाला सव्वा मायक्रॉनच्या आसपास वाढतं, लोखंडाच्या एक दशांश.

उन्हात ठेवलेला पत्र्याचा डबा आतून ६० अंशांवर गेला की पट्टी आधीच अर्धी वाकलेली असते. डब्याला सावली करा आणि दोन्ही बाजूंनी हवा खेळू द्या. रिलेचा काटा वाढवून ठेवू नका. जमिनीवरच्या ५ एचपी मोटारीला साडेसात अँपियरच्या आसपास लावतात, पण मोटारीच्या पाटीवरचा आकडा प्रमाण. काटा १२ वर नेला तर ट्रिप होणं थांबेल आणि मोटार जळेल.

फरशीकर
फरशीचं राहिलं. टाइल भिंतीला भिडवून, बिनफटीच्या लावल्या की एप्रिलमध्ये मधल्या दोन ओळी तंबूसारख्या उठतात. दोन टाइलांमध्ये २-३ मिमी आणि भिंतीकडेनं ८-१० मिमी मोकळं ठेवा. कडेची फट स्कर्टिंगखाली झाकते. त्या फटीत सिमेंट भरू नका.

गावरस्ता
गावोगावी सिमेंटचे रस्ते झालेत, आणि आठ दिवसांत आडवेतिडवे तडे. यावर सांगा कोणीतरी.

स्थापत्य_परभणी
बहुतेक ठिकाणी कटिंग, म्हणजे कटरनं खाच कापणं, उशिरा होतं किंवा होतच नाही. काँक्रीटला आकसायचं असतंच. कुठे फाटायचं हे आपण ठरवलं नाही तर ते स्वतः ठरवतं. साडेचार मीटरवर एक आडवी खाच, खोली जाडीच्या पाव ते तिसरा हिस्सा. २०० मिमी रस्त्याला ५० ते ६५ मिमी. नुसती इंचभर ओरखडली तर तडा खाचेत न जाता शेजारून जातो. वेळ महत्त्वाची: मे महिन्यात ओतल्यापासून ६ ते १० तासांत. कडेची खडी न उचकटता कटर चालला की लगेच सुरू करा, "उद्या सकाळी करू" म्हणायचं नाही. रात्री काँक्रीट गार होताना तडा पडून मोकळा होतो.

शक्यतो दुपार उतरल्यावर ओता. सकाळी ओतलं तर सिमेंटची स्वतःची उष्णता आणि दुपारचं ऊन दोन्ही एकाच वेळी शिखरावर येतात, आणि रात्री उतरण तेवढीच खोल.

आडव्या जोडातल्या डॉवेल सळ्या (जोडाच्या आरपार जाणाऱ्या) गुळगुळीत गोल हव्यात, अर्ध्या भागाला प्लॅस्टिकची नळी किंवा डांबराचा लेप, आणि सगळ्या रस्त्याला समांतर. कोणी तिथे पिळाची सळई टाकली किंवा सळ्या तिरप्या बसल्या की जोड कुलूप लावल्यासारखा बंद होतो आणि तडा शेजारी पडतो. पिळाची सळई फक्त लांबीच्या जोडाला.

लातूरचा_मिस्त्री
दुपारी तापल्या स्लॅबवर पाणी मारावं का नको? घर गार होतं म्हणून लोक मारायलेत.

स्थापत्य_परभणी
दुपारी ३ ला एकदम नको. वरचे दोन सेंटिमीटर मिनिटांत २५ अंशांनी उतरतात, खालचा भाग गरमच. वर दिलेल्या हिशोबानं ५.५ मेगापास्कलपर्यंत ताण, सोसायची ताकद ३.१. पृष्ठभागावर जाळीसारख्या बारीक भेगा येतात आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी मुरतं. सूर्य मावळल्यावर मारा. नव्या स्लॅबला तर मसाल्याचे छोटे बांध घालून वाफे करा आणि पहिल्या दिवसापासून पाणी तुंबवून ठेवा. सतत पाणी असेल तर तो मुळात तापतच नाही.

जुनी_गढी
माळवदाच्या घरात ही भेग का नसायची, तेही सांगा. तुळया, कड्या, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर फूट-दीड फूट माती. दिवसाचं ऊन खालपर्यंत पोचेपर्यंत रात्र व्हायची. शिवाय तुळई भिंतीत नुसती टेकलेली, तिला सरकायला जागा. जुनं ते शहाणपणाचं होतं.

स्थापत्य_परभणी
उष्णतेपुरतं पूर्ण मान्य. पण एक फूट माती म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलो वजन. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि तशी जड छपरं लोकांवर कोसळली. माळवदाकडून उष्णता अडवणं घ्यावं, वजन घेऊ नये. गच्चीवर पांढऱ्या चुन्याचे दोन हात किंवा पांढरा परावर्तक लेप दिला तरी पृष्ठभागाचं तापमान बरंच उतरतं. ताण तापमानाच्या फरकावर ठरतो, म्हणजे भेगही तेवढीच कमी. सर्वात स्वस्त उपाय हाच, फक्त दर उन्हाळ्याआधी नवा हात द्यावा लागतो.

जुनी_गढी
वजनाचं बरोबर आहे. किल्लारीनंतर लोकांनी माळवदं उतरवली ती उगाच नाही.

गोदाकाठ
खूप काही मिळालं. आता मूळ प्रश्नाकडे येते. भेग आहे, ती उन्हाचीच आहे असं ठरलं. भरायची कशानं आणि कधी? आणि नवीन घर बांधणाऱ्यानं काय करावं?

स्थापत्य_परभणी
आधी भरण्याचं. सिमेंट, पुट्टी, व्हाइट सिमेंट यांपैकी काहीही नको. ही भेग रोज १ मिमी हलणार आहे आणि हे सगळे कडक पदार्थ. ग्राइंडरनं भेगेच्या रेषेवर ८ ते १० मिमी रुंद, आत दोरी आणि सीलंट दोन्ही मावतील एवढी खोल खाच करा. ब्रशनं धूळ पूर्ण काढा. तळाला फोमची गोल दोरी दाबून बसवा, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटेल, तळाला नाही. तिन्ही बाजूंना चिकटलं तर ते ताणलं जात नाही, फाटतं. वर ४-५ मिमी जाडीचं, रंग धरणारं पॉलियुरेथेन सीलंट. ही सीलंटं रुंदीच्या २५ टक्के इकडेतिकडे सोसतात. १० मिमी खाचेत अडीच मिमी, म्हणजे आपली १ मिमी आरामात. हेच सीलंट २ मिमी भेगेत कोंबलं तर अर्धा मिमीच सोसेल, म्हणून खाच रुंद करायची.

वेळ: भेग ना पूर्ण उघडी ना पूर्ण मिटलेली असताना. आपल्याकडे ऑक्टोबर अखेर किंवा फेब्रुवारी, सकाळी ९-१० च्या सुमारास.

नवीन बांधकामात, भिंतीवर टेकणारा स्लॅब असेल तर भिंतीचा माथा मसाल्यानं गुळगुळीत करा, वाळू द्या, वर डांबरी कागदाचे दोन थर आणि मग स्लॅब. स्लॅब सरकेल, भिंत फाटणार नाही. आतल्या प्लास्टरमध्ये स्लॅब-भिंतीच्या जोडावर १० मिमीची सरळ खाच मुद्दाम ठेवा, सरक तिथेच लपते. कॉलम-बीमचं घर असेल तर बीमखालचा विटेचा शेवटचा थर लगेच भरू नका, भिंत बसू द्या. नंतर भरून जोडावर ८ इंची कोंबडी जाळी मारून प्लास्टर. गच्चीचा कोबा कठड्यापासून २० मिमी सुटा ठेवून ती फट सीलंटनं भरा. इमारत ४५ मीटरपेक्षा लांब असेल तर मधे पूर्ण विस्तार जोड लागतो, पण घरगुती बांधकामात ती वेळ येत नाही.

लातूरचा_मिस्त्री
डांबरी कागद टाकला तर भूकंपात स्लॅब सटकणार नाही का?

स्थापत्य_परभणी
फार योग्य प्रश्न. लातूर-धाराशिव पट्ट्यात नुसता कागद टाकून मोकळं सोडू नका. तिथे छताखालचा पट्टा बीम आणि कोपऱ्याच्या उभ्या सळ्या हव्यातच, आणि स्लॅब पट्टा बीमशी एकसंध ठेवावा. मग सरकायला जागा नाही, म्हणून तिथे भर गच्चीच्या पांढऱ्या लेपावर आणि प्लास्टरच्या खाचेवर. भूकंपाची सुरक्षितता आधी, भेगेची शोभा नंतर.

काळी_आई
भरण्याआधी ती खरंच उन्हाची आहे का, हे मोजायचं कसं? डोळ्यानं १ मिमी कळत नाही.

स्थापत्य_परभणी
भेगेच्या वर एक आणि खाली एक असे दोन बारीक स्क्रू रावळप्लगमध्ये घट्ट बसवा, मध्ये १० सेंमी अंतर. डोक्यांवर खिळ्यानं एकेक बारीक ठिपका पाडा. साध्या डिजिटल व्हर्निअरची टोकं त्या ठिपक्यांत ठेवून अंतर घ्या. पण आडवी भेग नुसती उघडत-मिटत नाही, ती लांबीच्या दिशेनं घसरतेही. म्हणून वरच्या स्क्रूच्या डावीकडे ५ सेंमीवर तिसरा बसवा आणि त्याचं खालच्या स्क्रूपासूनचं तिरकं अंतरही घ्या. सकाळी ६, दुपारी ४, सलग तीन दिवस, बाजूला तापमान लिहून. दोन्हीपैकी एखादं अंतर रोज ०.२ मिमी किंवा जास्त मागेपुढे झालं तर ऊन.

गोदाकाठ
स्क्रू आणि व्हर्निअर आणते. पहिलं माप सोमवारी सकाळी सहाला घेते, आकडे इथेच टाकीन.